दुसरी फेरी फुकट

मलकापुरात दोन आवाज प्रसिद्ध होते आणि दोन्ही एकाच घरातून निघत.

पहिला रहिमान साऊंड सर्व्हिसचा. रिक्षाच्या टपावर दोन भोंगे, मागे बॅटरी, आणि गल्लीबोळातून सरकत जाणारं "ऐका हो ऐका". उद्या पाणी येणार नाही, साड्यांचा सेल उद्या संपतोय, एका शिंगाची म्हैस चुकली आहे, अमुक अमुक यांचं दुःखद निधन झालं असून माती अकरा वाजता. गावाचं सगळं बरंवाईट त्या भोंग्यातून जायचं. दुसरा आवाज रहिमानभाईंच्या थोरल्याचा, झिशानचा. तो मोबाईलमधून निघायचा. 'खरं सांगू का' नावाच्या चॅनलवर झिशान नवेनवे गेम खेळून बघायचा आणि कुठला घ्यावा, कुठल्याच्या वाटेला जाऊ नये, हे आपल्या बोलीत सांगायचा. रहिमानभाईंचा घसा बसल्यापासून रिक्षावरची पुकारही तोच रेकॉर्ड करून द्यायचा. तेव्हा नीट पाहिलं तर आवाज एकच होता, दुकानं दोन.

पहिल्या दुकानाचा एक नियम होता आणि तो दादासोंमुळे पडला होता. मागे एकदा दादासो वारल्याची पुकार झाली. वारले होते खरे, पण पलीकडच्या गल्लीतले दादासो. अलीकडचे दादासो तोंडाला फेस लावून दाढी करत बसले होते, तेवढ्यात दारात माणसं जमली आणि त्यांतल्या दोघी तर रडायलाही लागल्या. रहिमानभाईंनी त्याच पावली रिक्षा वळवली, त्याच गल्ल्यांतून, त्याच आवाजात, दादासो जिवंत असल्याची पुकार केली आणि पलीकडच्या दादासोंच्या घरच्यांकडून या दुसऱ्या फेरीचं काही घेतलं नाही. तेव्हापासून दुकानाचा रिवाज ठरून गेला. आपल्या तोंडून चुकीचं गेलं, तर दुसरी फेरी फुकट.

दुसऱ्या दुकानात असा काही नियम नव्हता. तिथं नुसता विश्वास होता. कराडपासून जतपर्यंतची पोरं, आणि पुण्यात नोकरीला जाऊन गावच्या बोलीला आसुसलेली पोरं, झिशानच्या व्हिडिओखाली लिहायची, "झिशानभाई बोलले, विषय संपला." हे वाक्य वाचलं की झिशानला जेवल्यासारखं वाटे. त्याच्याकडं दुसरं भांडवल नव्हतंच. चेहरा बेताचा, म्हणून व्हिडिओत नुसता आवाज, डिप्लोमा अर्धवट. लोक आपल्याला खरा समजतात, एवढीच काय ती इस्टेट. ती गेली तर मागे उरत होती ती रिक्षा.

आणि ती इस्टेट त्यानं 'खडाखडी'वर लावली.

'खडाखडी' हा कुस्तीचा गेम. कोरेगावजवळच्या एका गावातल्या ऋषिराजनं तो एकट्यानं बनवला होता. कराडला इंजिनिअरिंग झालं, नोकरीची ऑर्डर आली, ती त्यानं घडी घालून कपाटात ठेवली आणि लाल मातीचं मैदान, फेटेवाले पंच, घिस्सा, ढाक, कलाजंग हे डाव, असं सगळं कॉम्प्युटरवर घडवत बसला. आपल्या भागातलाच गेम म्हणून झिशाननं तो आल्या आल्या खेळायला घेतला. आणि हरला. परत हरला. पहिल्याच पैलवानानं त्याला इतक्या वेळा आसमान दाखवलं, की शेवटी झिशाननं रेकॉर्डिंग सुरू केलं.

"गड्या, खरं सांगू का? हात कवा घालायचा तेच कळत न्हाई. ही कुस्ती न्हवं, लॉटरी हाय. चित्र चार तारे. आवाज तीन तारे, ठीकठाक. खेळ शून्य. एकंदर एक तारा, त्यो पण माती लाल हाय म्हणून."

हे शेवटचं वाक्य चाललं. चाललं म्हणजे पोरं एकमेकांना पाठवायला लागली. कुणाच्या डब्यातली आमटी बिघडली तरी "एक तारा, त्यो पण माती लाल हाय म्हणून." 'खडाखडी' विकत घेणारे थांबले, घेतलेले परत करू लागले. झिशानभाई बोलले, विषय संपला.

विषय उघडला तो अर्फानं, म्हणजे झिशानच्या धाकट्या बहिणीनं. ती दुपारी पलंगावर आडवी पडून, कानात वायरीचे इअरफोन घालून, एका पायानं ठेका धरत 'खडाखडी' खेळत होती आणि झिशान दारातून बघत असताना तिनं तिसऱ्या पैलवानाला चितपट केलं.

"कसं केलंस?"

"काय कसं? हलगी ऐकून." तिनं एक इअरफोन काढून त्याच्या कानात खुपसला. "बघ. त्याची पकड सुटायला आली की हलगीचा ठेका बदलतो. तवा हात घालायचा. सुरुवातीलाच लिहिलंय की, 'हलगी ऐका, मग हात घाला.'"

"कसली हलगी?"

अर्फानं भावाकडं पाहिलं. मग ती उठून बसली. "भाईजान, तू आवाज बंद ठेवून खेळलास?"

बंद ठेवूनच खेळला होता. खेळायची त्याची खोली म्हणजे भोंग्यांच्या गोदामाची मागची बाजू. पलीकडं दिवसभर रहिमानभाईंचं "हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग." त्यामुळं गेम मुके खेळायचे, मग शांत वेळ बघून वरून बोलायचं आणि खाली एखादं बाजारू संगीत सोडून द्यायचं, ही झिशानची जुनी पद्धत. आजवर कुणी पकडलं नव्हतं, कारण आजवर कुठल्या गेमनं कान मागितला नव्हता. साऊंड सर्व्हिसच्या घरचा पोरगा, घरात आठ भोंगे, आणि परीक्षा केली ती आवाज बंद करून.

"मग आवाजाला तीन तारे कसले दिले?" अर्फानं विचारलं.

झिशाननं इअरफोन तिच्या हातात दिला आणि त्याला एकाएकी काहीतरी काम आठवलं.

चूक सुधारली पाहिजे हे त्याला पटत होतं. कुठवर सुधारायची, एवढाच प्रश्न होता. आधी त्यानं व्हिडिओतला 'शून्य' हा शब्द कापून टाकला, कुणाला न सांगता. तेवढ्यानं मन भरेना म्हणून व्हिडिओखालच्या माहितीत, जिथं 'आणखी पाहा' दाबल्याशिवाय काही दिसत नाही, तिथं एक ओळ घातली: "आवाज चालू ठेवल्यास अनुभव अधिक चांगला येऊ शकतो." दोन दिवसांनी ती ओळही त्याला उघडी-वाघडी वाटू लागली. मग त्यानं तिला अंगभर कपडे घातले: "काही फोनवर आवाज बंद असल्यास अनुभव वेगळा येऊ शकतो." आता ती वाचून कुणालाच काही कळलं नसतं. झिशानचं मन शांत झालं. दुरुस्ती तर केली होती. ती कुणाला दिसली नाही, यात त्याचा काय दोष?

त्यानंतरच्या आठवड्यात एक उंच, ताठ, पांढऱ्या मिशांचा माणूस रहिमान साऊंड सर्व्हिसच्या पायरीवर बूट काढून आत आला.

"पुकार द्यायची हाय," तो म्हणाला. "मलकापूर, कराड, आन् आमचं कोरेगाव."

"बसा की. नाव?" रहिमानभाईंनी खुर्ची पुढं सरकवली.

"माजी सुभेदार सयाजी."

"कशाची पुकार, सुभेदार?"

"माझ्या पोराचा गेम बिघडलेला न्हाई, त्याची."

रहिमानभाईंनी जन्मात नाना तऱ्हेचे मजकूर पुकारले होते, पण हा नवा होता. "गेम म्हंजे?"

"मोबाईलमधली कुस्ती. मला बी आधी काय कळत न्हवतं. आता मी दुसऱ्या पैलवानापतूर जातो." सुभेदारांनी हे जरा अभिमानानंच सांगितलं. "पोरानं दोन वरसं डोळं फोडून केलाय. आन् तुमच्या मलकापुरातल्या कुणीतरी त्याची पार माती केली. पोरगं आता कपाटातली नोकरीची ऑर्डर काढून बघतंय. मी म्हटलं, थांब. जिथनं आवाज निघाला तिथंच तो परत गेला पायजे. लिवा. मलकापुरातल्या एका गाढवानं..."

"गाढव नको, सुभेदार. पोलीस परवानगीत बसत न्हाई."

"मग काय बसतं?"

"'एक इसम' बसतं."

"बरं. एक इसम, जो गाढव हाय..."

"आवं, गाढव कुठनंबी आत आणलं तरी बसत न्हाई!" रहिमानभाई हसले आणि त्यांनी आतल्या बाजूला हाक दिली. "झिशान! माइक घेऊन ये रं."

झिशान माइक घेऊन आला. त्यानं पुढचं-मागचं काही ऐकलं नव्हतं. नेहमीसारखा फुंकर मारून म्हणाला, "हॅलो, चेक."

सुभेदारांनी मान वर केली. मग खिशातून फोन काढला. "त्या इसमाचं शब्द जसंच्या तसं पायजेत," असं म्हणत त्यांनी व्हिडिओ लावला, आणि फोनमधून आवाज आला, "गड्या, खरं सांगू का? हात कवा घालायचा तेच कळत न्हाई..."

सुभेदारांनी फोनकडं पाहिलं. मग झिशानकडं पाहिलं.

"परत म्हण."

"काय?"

"आता म्हणलास ते."

झिशाननं माइक पुन्हा तोंडाजवळ नेला. "हॅलो," तो म्हणाला. "चेक."

"ह्योच!"

रहिमानभाईंनी माइक पोराच्या हातातून काढून घेतला, बंद केला आणि टेबलावर ठेवला. पोरगा व्हिडिओ करतो हे त्यांना ठाऊक होतं. त्यात काय बोलतो हे विचारायची त्यांना कधी गरज वाटली नव्हती. घरचा आवाज, तो काय वावगं बोलणार?

"काय चुकलंय ह्यात?" त्यांनी झिशानला विचारलं.

झिशाननं सांगितलं. सांगताना आवाज हळूहळू खाली गेला. हलगीपर्यंत येईतो तो ऐकू येईनासा झाला.

"आवाज बंद करून खेळलास?"

"तुमचं माइक टेस्टिंग चालू असतं अब्बा, त्यात मला..."

"म्हंजे चूक माझी."

"न्हाई."

सुभेदारांनी चष्मा लावून व्हिडिओ थोडा मागं नेला होता. "हितं आवाजाला तीन तारं हायत. ऐकलाच न्हाईस, तर ही तीन आणलीस कुठनं?"

"तीन मी सगळ्यांनाच देतो."

"का?"

झिशान जमिनीकडं बघत म्हणाला, "दोन दिलं तर का दिलं ते सांगावं लागतं. चार दिलं तरी सांगावं लागतं. तीनाला कोण इचारत न्हाई."

"मी इचारतोय," सुभेदार म्हणाले.

मग झिशानला आठवलं. "पण मी दुरुस्ती टाकलीय की! आधीच टाकलीय." आणि त्यानं पुढं होऊन सुभेदारांच्या फोनवर 'आणखी पाहा' दाबलं, खाली सरकवलं, आणखी खाली सरकवलं, आणि ओळ दाखवली.

सुभेदारांनी ती सावकाश, मोठ्यानं वाचली. "काही फोनवर आवाज बंद असल्यास अनुभव वेगळा येऊ शकतो." मग चष्मा काढला. "ह्यात चूक फोनची हाय. तू कुठं हायस?"

"भोंग्यावर शिवी आन् कानात माफी," रहिमानभाई म्हणाले. "ही कुठली दुकानदारी? सुभेदार, पुकार होणार. तिन्ही गावात. आन् फुकट."

"फुकट नको मला. मी काय मागायला आलो न्हाई."

"आवं, तुमच्यासाठी फुकट न्हाई. दुकानाचा रिवाज हाय. चुकीचं आमच्या घरनं गेलंय."

मजकूर लिहायला झिशान बसला. पहिला कागद असा होता: 'तांत्रिक कारणास्तव व अनवधानाने झालेल्या गैरसमजाबद्दल...' रहिमानभाईंनी वाचला आणि विचारलं, "गैरसमज कुणाचा झाला? लोकांचा?" तांत्रिक कारण गेलं. मागोमाग अनवधानही गेलं. शेवटी जे उरलं ते इतकं उघडं होतं की झिशानला ते बोलताना थंडी वाजल्यासारखं झालं. 'ऐका हो ऐका. खडाखडी हा कुस्तीचा गेम चांगला आहे. मलकापूरच्या झिशाननं तो आवाज बंद ठेवून खेळला आणि वाईट म्हणून सांगितलं. त्यातल्या आवाजाला त्यानं तीन तारे दिले, तो आवाज त्यानं ऐकलाच नव्हता. झिशान माफी मागतो. बोलणारा झिशानच आहे.'

'ऐकलाच नव्हता' या शब्दांवर त्याचा आवाज दर वेळी पडे. तीनदा रेकॉर्ड केलं, तीनदा पडला. चौथ्यांदा रहिमानभाईंनी तेवढ्या शब्दांपुरतं यंत्राचं बटण फिरवून आवाज वाढवला.

रिक्षा मलकापुरातून गेली, कराडात फिरली, आणि दुसऱ्या दिवशी कोरेगावच्या बाजारात शिरली. आत झिशानला बसवलं होतं. ज्याची चूक त्यानं दिसलं पाहिजे, हे रहिमानभाईंचं जादा कलम. बाजारात कोथिंबिरीच्या जुड्या मांडून बसलेल्या तानुबाईंनी रिक्षा थांबवली.

"कोण वारलं रं?"

"कोण न्हाई, मावशी. माफी हाय."

"आन् एवढ्या मोठ्यानं?"

"शिव्या मोठ्यानं दिल्या हुत्या," झिशान म्हणाला.

"मग बरोबर हाय," म्हणत तानुबाईंनी रिक्षा जाऊ दिली.

कुणीतरी या सगळ्याचं चित्रण केलं. झिशाननंही तीच पुकार आपल्या चॅनलवर सगळ्यात वर लावली. रिवाजच तसा, जिथं बोलला तिथंच. आणि मग जे झालं ते कुणाच्या हिशेबात नव्हतं. रिक्षातून माफी मागणारा रिव्ह्यूवाला बघायला दुनिया लोटली. "चूक करावी तर झिशानभाईसारखी." "असला दिलदार माणूस बघितला न्हाई." ज्यांनी त्याचं नावही ऐकलं नव्हतं ते आता त्याच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू लागले, तोही नेमका आपण विश्वासाला पात्र नव्हतो हे त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितल्यावर. आग लागली, विमा दुप्पट आला, आणि वर गावानं सत्कार ठेवला, असा झिशानचा चेहरा झाला. पुण्याच्या एका गेमवाल्यानं तर फोन करून विचारलं, "आमच्याही गेमला आधी जरा शिव्या द्याल का? मग रिक्षा फिरवू."

झिशाननं हे गमतीत जेवताना सांगितलं. रहिमानभाईंनी घास खाली ठेवला. "दुसरी फेरी फुकट असती म्हणूनच लोक मानतात. तिचा धंदा केलास की पहिली बी गेली."

ताटात घेवड्याची उसळ होती. काल पण होती. सुभेदारांनी आपल्या शेतातला घेवडा पोतंभर पाठवला होता, सोबत चिठ्ठी, 'आता गेम पुन्हा नीट खेळून सांगावा.' तेवढं एक काम उरलं होतं.

आणि ते काम सोपं होतं. पाच तारे तयारच होते, नुसते लावायचे होते. गाव पाच तारे मागत होतं, घेवडा पाच तारे मागत होता. झिशाननं वायरीचे इअरफोन घातले आणि या वेळी नीट कान देऊन खेळला. अंगावर काटा आला. हलगीचा ठेका असा, की आपणच मातीत उतरलोय. एकामागून एक पैलवान पडले. खुशीत त्यानं वायर काढली, कानात ब्लूटूथ घातलं, आणि पहिल्याच पैलवानानं त्याला उताणा केला.

परत खेळला, परत उताणा. अर्फाचं ब्लूटूथ आणलं, मित्राचं आणलं. हलगी उशिरा येत होती. फार नाही, हात चुकेल एवढीच. पण कुस्तीत तेवढंच पुरतं. आणि त्याच्या बघणाऱ्यांतली निम्मी पोरं ब्लूटूथ घालूनच खेळत.

"नको सांगू," अर्फा म्हणाली. "आताशी तर लोक नावाजायला लागलेत. पुन्हा खोड काढली तर म्हणतील, रिक्षाचं नाटक हुतं."

"आन् न सांगता पाच दिलं तर?"

"तर काय? कोण इचारतंय!"

बोलून झाल्यावर तिचं तिलाच कळलं, आपण त्या तीन ताऱ्यांजवळच परत आलो.

झिशाननं व्हिडिओ टाकला. "खरं सांगू का? ह्या बारीला आवाज ऐकलाय. वायर लावून खेळाल तर पाच तारे. ब्लूटूथ घालून खेळाल तर दोन, कारण हलगी उशिरा पोचती आन् तुमी हरता. ऋषिराजनं हे बघावं. एकंदर साडेतीन."

अर्फाचं म्हणणं अक्षर अन् अक्षर खरं झालं. "माफी मागून परत काडी केली." "गेमवाल्यावर खार हाय ह्याचा." "साडेतीन म्हंजे काय, जुनंच तीन, वर चटणी?" 'विषय संपला' लिहिणारी पोरं आता झिशानचाच विषय संपवायला बसली. चूक केल्यावर वाढलेला विश्वास खरं बोलल्यावर गेला. ऋषिराजचा तर फोनच आला.

"आमच्या आबानं तुला माफ केलं, पोतं पाठवलं, आन् तू मागनं टांग घातलीस?"

"ब्लूटूथ घालून एकदा खेळून बघ, ऋषिराज."

"मी बनवलाय त्यो! मला सांगतोस व्हय?" फोन ठेवला गेला.

घरात घेवडा संपला. झिशान रोज व्हिडिओखाली येणाऱ्या शिव्या वाचायचा आणि त्या पुसायचा नाही. मग एका सकाळी 'खडाखडी' नवा होऊन आला. सोबत एक बारीक ओळ होती, बारीक अक्षरात: 'किरकोळ सुधारणा.' झिशाननं ब्लूटूथ घालून खेळून पाहिला. हलगी वेळेवर होती. हात घातला, पैलवान पडला.

"टाक की व्हिडिओ!" अर्फा उसळली. "चोरून सुधारलंय त्यानं. तू खरा हुतास म्हणून सांग."

झिशाननं ती ओळ पुन्हा वाचली. 'किरकोळ सुधारणा.' अंगभर कपडे घातलेली ओळ. ती त्याला इतकी ओळखीची वाटली की रागवावं की हसावं हे त्याला ठरवता येईना. "मी काय सांगू?" तो म्हणाला. "माझं मी सांगितलंय. आता त्याचं त्यानं." पण शिव्या काही थांबल्या नाहीत, आणि तो दर दोन तासांनी त्या वाचायचा.

चार-पाच दिवस गेले. दुकानाच्या पायरीवर पुन्हा दोन पायांचे बूट निघाले. या वेळी शेजारी दोन चपलाही होत्या. सुभेदार आत आले, मागून मान खाली घातलेला ऋषिराज.

"पुकार द्यायची हाय," सुभेदार म्हणाले.

रहिमानभाईंनी खुर्ची दिली. "आता काय झालं?"

"मी चौथ्या पैलवानापतूर पोचलो."

"मग चांगलं की!"

"कसलं चांगलं? महिनाभर दुसऱ्यावर अडकलो हुतो. ह्या वयात एका दिसात मी काय पैलवान झालो न्हाई. पोरानं मला ब्लूटूथ आणून दिलं हुतं, त्येच घालून खेळतोय पयल्यापास्नं. म्हंजे गेम सुधरलाय. ह्याला इचारलं, काय केलंस? म्हणतोय, किरकोळ. म्हटलं, त्या झिशाननं सांगितलेलं तेच न्हवं? गप. म्हटलं, लोक त्याला शिव्या देत्यात, तू कुठं बोललास का? गप." सुभेदारांनी पोराकडं पाहिलं. "आता चूक आमची. फेरी आमची. तिन्ही गावात."

"ही फुकट न्हाई बरं का," रहिमानभाई म्हणाले.

"फुकट कशी असंल? आमची चूक हाय."

कागद घेऊन या वेळी सुभेदार स्वतः सांगायला लागले. "लिव. आमच्या खडाखडी गेममध्ये थोडीशी तांत्रिक..."

"सुभेदार," झिशान म्हणाला. "थोडीशी काढा."

सुभेदार थांबले. मिशी हलली. "काढ."

"तांत्रिक पण."

"आता त्याला काय झालं?"

"ते मी मागल्या बारीला घातलं हुतं. अब्बांनी काढलं."

उरलं ते एवढंच. 'ऐका हो ऐका. खडाखडी गेममधली हलगी ब्लूटूथवर उशिरा वाजत होती. झिशाननं ते सांगितलं, ते खरं होतं. ऋषिराजनं ते सुधारलं, पण कुणाला सांगितलं नाही. ऋषिराज माफी मागतो.'

रहिमानभाईंनी माइक ऋषिराजपुढं धरला. त्यानं दोनदा प्रयत्न केला. 'खरं होतं' या शब्दांवर त्याचा आवाज पडायचा.

"मला जमत न्हाई," तो शेवटी म्हणाला. मग झिशानकडं न बघता, "तूच बोल. तू म्हणलास की लोकास्नी खरं वाटतं."

"मला आता कोण खरं मानतंय?"

"शिव्या देणारी बी तुझा व्हिडिओ बघून वायर आणत्यात," ऋषिराज म्हणाला. "मला दिसतंय की, कोण काय घालून खेळतंय."

झिशाननं माइक घेतला. दुसऱ्याची चूक वाचायला आवाज कसा मोकळा निघतो, हे त्याच्या त्यालाच जाणवलं, आणि म्हणून त्यानं ती जरा हळूच वाचली. तरी 'खरं होतं' आलं तेव्हा त्याचा हात आपसूक यंत्राच्या बटणाकडं गेला. रहिमानभाईंनी तो तिथंच धरला. "तुझ्याबद्दलचं हाय," ते म्हणाले. "हाय त्याच आवाजात ऱ्हावू दे."

कोरेगावच्या बाजारात रिक्षा शिरली तेव्हा आत दोघं बसले होते, एकमेकांपासून जमेल तेवढे लांब. तानुबाईंनी हात केला.

"आता परत माफी?"

"व्हय, मावशी."

"कुणाची?"

"माझी," ऋषिराज म्हणाला.

"मागल्या बारीला ह्याची हुती न्हवं?"

"व्हय."

तानुबाईंनी जुडीवर पाणी शिंपडलं. "माझा नातू रोज त्यो गेम खेळून आरडत असतोय. एकदा सांगा बाबांनो, बिघाड हाय का न्हाई?"

"न्हाई, मावशी, आता सगळं..." ऋषिराजनं घाईनं सुरुवात केली.

तानुबाईंनी ओला हात वर केला. "तू न्हवं. त्यो सांगंल."

रिक्षामागं दोन टेम्पो हॉर्न वाजवत होते. झिशाननं खिशातून ब्लूटूथ काढलं, कानात घातलं, आणि रस्ता अडवून, सगळ्या बाजारादेखत, एक कुस्ती खेळायला घेतली. हलगीचा ठेका बदलला, त्यानं हात घातला, पैलवान पडला.

"हुता, मावशी," झिशान म्हणाला. "आता न्हाई."

तानुबाईंनी मान डोलावली आणि रिक्षा जाऊ दिली.